शिकारीला लागणारी लोकर

नवरा रिटायर झाला आणि वर्षाच्या आत घरात बंदूक आली. साउथहॅम्प्टनच्या आमच्या छोट्या घरात जिन्याखाली एक फडताळ होतं, तिथे माझ्या लोणच्याच्या बरण्या असत. बंदुकीच्या परवान्यासाठी पोलिसांकडचा माणूस येऊन जागा बघून गेला. भिंत ठोकून पाहिली आणि मला विचारलं, "तुमची काही हरकत?" मी म्हटलं, "आहे." नवरा हसला, तो माणूसही हसला. दोघांना वाटलं म्हातारी गंमत करते. बरण्या खिडकीत गेल्या आणि फडताळात बंदुकीचं लोखंडी कपाट बसलं.

नवऱ्याला मी तोंडावर "अहो" म्हणते. कागदावर म्हणणार नाही. राग अजून गेलेला नाही.

तो मूळचा रत्नागिरीकडचा. बोटीवर खलाशी म्हणून आला आणि पुढे इथल्याच बंदरात कामाला लागला. त्याच्या वडलांकडे ठासणीची बंदूक होती आणि लहानपणी तो त्यांच्यामागून रानात जात असे. त्या रानातल्या एका डुकराची गोष्ट मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे. दरवेळी डुक्कर थोडं मोठं होतं. बोटीवर आणि बंदरात असेपर्यंत गोष्टीवर भागलं. रिटायर झाल्यावर शेजारच्या इंग्रज म्हाताऱ्याशी गट्टी जमली. तो पूर्वी बस चालवायचा. त्याच्याकडे एक काळं कुत्रं, एक गळकी व्हॅन आणि हिवाळ्यात बदकं मारायचा नाद होता. झालं.

ही बदकांची शिकार म्हणजे काय ते सांगते, कारण मला आधी वाटलं होतं की तळ्याकाठी बाकावर बसून करत असतील. इथे समुद्राच्या कडेला मैलच्या मैल चिखलाची जमीन आहे. भरतीला पाणी चढतं, ओहोटीला उतरतं, मध्ये गवत आणि खोल चर. आपल्याकडे खाजण म्हणतात तसं. जानेवारीत, उजाडायच्या आधी, छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवून तो चिखल तुडवत जायचं. चालताना घामाने न्हाऊन निघायचं. मग एका चरात उतरून दगडासारखं बसायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही. वारा थेट समुद्रावरून येतो. बदकं आली तर आली. नाही आली तर परत चिखल तुडवत घरी.

हे कोणी करायचं? तरुणाने करावं. आमच्या घरातल्या म्हाताऱ्याला त्याआधी एकदा हार्ट अटॅक येऊन गेला होता. डॉक्टर म्हणाले होते, "रोज चाला, मोकळ्या हवेत फिरा, फक्त थंडीत गारठून बसू नका." त्याने पहिली दोन वाक्यं लक्षात ठेवली.

पहिल्या हिवाळ्यात तो बंदरातले जुने स्वेटर एकावर एक घालून गेला. ॲक्रिलिकचे, कॉलर ताणलेले. घरी आला की ओठ काळे. रात्रभर खोकायचा आणि सकाळी म्हणायचा, "थंडी नाही लागली, धूळ गेली नाकात." चिखलात धूळ.

मी लंडनला, ईलिंगमध्ये राहणाऱ्या मुलाला फोन केला. मुलगा इथलाच, इथेच जन्मला, इथेच शिकला.

"आई, जस्ट टेल हिम नो."

"तू सांग."

"मी कसं सांगू? ही इज माय डॅड."

"आणि माझा कोण आहे?"

तो हसला. मग म्हणाला, "ओके, ओके. निदान मेरिनो वुल घे त्याला, मेरिनो मेंढीची मऊ लोकर. माझ्या ऑफिसमधले सगळे स्कीइंगला तेच घालतात. ओलं झालं तरी गरम राहतं. मी ऑर्डर करू?"

नवरा शेजारी बसून ऐकत होता. "मुलाच्या पैशांची चड्डी घालायची वेळ नाही आली अजून," म्हणाला. म्हणजे शोधायचं मीच, आणि आमच्या पेन्शनमध्ये.

मी चौथी शिकलेली बाई. दुकानात इंग्रजी पाटी वाचायला मला वेळ लागतो, पण वाचते. शिकारीच्या कपड्यांचं एक दुकान गावाबाहेर होतं. बसने गेलो. आत लाकडाचा वास, भिंतीवर मेलेल्या हरणाचं डोकं, आणि एक माणूस, ज्याचं बोलणं तोंडात बटाटा अडकल्यासारखं वाटत होतं. मी विचारलं की उत्तर तो नवऱ्याला द्यायचा. मी म्हटलं, "स्वस्तातलं मेरिनो दाखवा." तो नवऱ्याला म्हणाला, "सर, चांगली गोष्ट स्वस्त नसते." त्याने दाखवलेला सदरा मात्र खरोखर चांगला होता. हातात घेतला तर सायीसारखा, आणि वजन नाहीच. किंमत बघितली आणि घडी घालून परत ठेवला. त्या माणसाने माझी घडी उलगडून पुन्हा स्वतः घातली. ते मला अजून आठवतं.

मग बाजारात एका ठेल्यावर "मेरिनो" असं मोठ्या अक्षरांत लिहिलेले सदरे दिसले, अगदी आमच्या ऐपतीतले. मी आतली चिठ्ठी शोधली. मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, लोकर चिमूटभर आणि बाकी सगळं ॲक्रिलिक. मी ठेलेवाल्याला ती चिठ्ठी दाखवली.

"लोकर आहे ना त्यात, लव्ह?" इथले ठेलेवाले कुठल्याही बाईला लव्ह म्हणतात.

"एवढीशी. मेंढी नुसती घासून गेली असेल याला."

"मग घेऊ नका."

"नाहीच घेत. पाटी काढ."

पाटी काढली नाही त्याने. पुढचे तीन-चार आठवडे मी मुद्दाम त्या वाटेने गेले, पाटी तिथेच. मोठ्या अक्षरांत खोटं आणि बारीक अक्षरांत खरं लिहिलं की कायद्यात बसतं म्हणे. ज्यांना बारीक वाचता येत नाही त्यांनी गारठून मरावं.

शेवटी मिळालं ते हिवाळा संपताना. डोंगर चढणाऱ्यांच्या कपड्यांच्या एका दुकानात सेल होता. पुरुषांचं सगळं संपलेलं. बायकांच्या टोपलीत तळाशी एक पूर्ण बाह्यांचा सदरा आणि खाली लांब विजार, अस्सल मेरिनो. रंग जांभळा. गळ्याला बारीक फुलांची पट्टी. माप मोठं, म्हणून कोणी घेतलं नव्हतं, आणि नवरा माझा काडीसारखा, त्याला बायकांचं मोठं माप बरोबर बसणार. किंमत निम्म्याच्याही खाली आलेली. काउंटरवरच्या मुलीने मला नीट समजावलं, अगदी स्वतःच्या बाहीत बोट घालून दाखवलं. अंगाला लागून घालायचं. आत काहीही नाही. घाम लोकर ओढून घेते, अंग कोरडं राहतं. मग वरून पाहिजे ते घाला.

घरी आणून मी ते त्याच्यासमोर पलंगावर पसरलं.

"हे बायकांचं आहे."

"मग?"

"गळ्याला फुलं आहेत."

"वर शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर जॅकेट. बदकं काय बटणं काढून बघणार आहेत?"

"त्याला कळलं तर?" त्याला म्हणजे शेजाऱ्याला.

"तुम्ही त्याच्यासमोर कपडे उतरवणार आहात का?"

"जांभळा तरी नको होता."

"अहो, अंगाला लागून घालायचं आहे. आत काही नाही. ऐकलं का? अंगाला लागून."

त्याने मान हलवली. बोटीवर साहेबांसमोर हलवायचा तशी.

पुढच्या हिवाळ्यात तो ते घालून जाऊ लागला. सुरुवातीला थंडी फार नव्हती, म्हणून सगळं ठीक चाललं. मला वाटलं, मेंढीने काम केलं. मग जानेवारीत एका सकाळी मी चहा टाकला होता आणि दारावर कोणीतरी लाथ मारली. शेजारी होता. माझ्या नवऱ्याला त्याने काखेत धरून उभं केलं होतं. मागे कुत्रं.

"तो कुडकुडत होता, मग कुडकुडायचा थांबला," शेजारी म्हणाला. "मला वाटलं बरं वाटतंय. मग तो माझ्याशी तुमच्या भाषेत बोलायला लागला."

नवरा माझ्याकडे बघून म्हणाला, "आबा पुढे गेले काय?" आबा म्हणजे त्याचे वडील. ते जाऊन तीस वर्षं झालेली.

मला आयुष्यात अनेकदा भीती वाटली आहे, पण मी तिच्यावर कधी वेळ घालवला नाही. शेजाऱ्याला म्हटलं, फोन कर, अँब्युलन्स बोलाव. नवऱ्याला स्वयंपाकघरात जमिनीवर झोपवलं आणि ओले कपडे उतरवायला लागले. जॅकेट कोरडं. स्वेटर कोरडा. शर्ट जरासा दमट. जांभळा सदरा ओलसर, पण हाताला गार लागत नव्हता. तो वर ओढला आणि आत बनियान. पांढरी सुती बनियान, घामाने चिंब, पिळून न काढता अंगावर घातल्यासारखी छातीला चिकटलेली. बर्फासारखी थंड. त्याची कातडीसुद्धा तेवढीच थंड होती.

मी कात्री घेतली आणि ती बनियान मधोमध कापली.

शेजारी सगळं बघत होता, फुलांची पट्टीसुद्धा. त्याने नंतर कधीही तो विषय काढला नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगते. त्याच्या घरची गोधडी, आमच्या घरच्या दोन रजया अंगावर घातल्या, आणि त्याने ते कुत्रंसुद्धा आणून नवऱ्याच्या पायांवर बसवलं. स्वयंपाकघरात कुत्रं. अँब्युलन्स आली.

हॉस्पिटलात डॉक्टर मुलगी आपलीच निघाली, पुण्याची. मी काय घडलं ते सांगितलं. ती लिहिता लिहिता थांबली.

"काकू, मेरिनोच्या आत बनियान?"

"हो."

"माझे बाबापण अगदी असंच करतात. मी त्यांना थर्मल पाठवलं होतं, तेही बनियानवरून घालतात." मग तिला आठवलं की आपण डॉक्टर आहोत, आणि तिने चेहरा गंभीर केला. "काका थोडक्यात वाचले. हार्टवर ताण आलाय. अजून अर्धा तास तिथे बसले असते तर मी तुमच्याशी वेगळं बोलले असते."

दुसऱ्या दिवशी त्याला उठून बसवलं, गालांवर रंग आला, आणि मग मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"अंगाला लागून घाल म्हणून."

"मग?"

"तसंच घातलं होतं."

"आत बनियान होती."

"हां, बनियान होती."

"मी म्हटलं होतं, आत काही नाही."

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मीच वेडी. "अगं, बनियान काय कपडा आहे? बनियान असतेच."

लोकांना ही गोष्ट फार आवडते. मुलगा ऑफिसात सांगतो, डॉक्टर मुलीने आपल्या बाबांना नक्की सांगितली असणार. सगळे हसतात. मला हसू आलं नाही आणि अजून येत नाही. मी त्या बाजारात चिठ्ठ्या वाचत फिरले, त्या तोंडात बटाटा असलेल्या दुकानदाराकडून अपमान करून घेतला, टोपलीच्या तळाशी हात घालून अस्सल लोकर काढली, आणि या माणसाने तिच्या आणि स्वतःच्या मध्ये एक सुती फडकं ठेवलं. का, तर लहानपणापासून ठेवतो म्हणून. या देशात मी त्याच्या मागून आले. इथे माझी भाषा बोलणारं घरात दुसरं कोणी नाही. असं फडक्यापायी मला एकटीला टाकून जायला निघाला होता, आणि वर म्हणतो, असतेच.

वॉर्डातली नर्स धावत आली, कारण माझा आवाज चढला होता. मी तिला सांगितलं, "ठीक आहे सगळं. मी याला मारत नाहीये." ती म्हणाली, "मारलंत तरी मी समजू शकते."

घरी आल्यावर त्याने शब्द दिला, आता जाणार नाही. मी त्या शब्दावर थांबले नाही. मी सगळ्यांना सांगत सुटले. मुलाला, शेजाऱ्याला, चेकअपला गेल्यावर डॉक्टर मुलीला, फोनवर गावच्या जावांना. बनियानने मारलं असतं, बनियानने घात केला, बनियान बनियान बनियान. तो खाली मान घालून ऐकायचा. शेजारी व्हॅन घेऊन एकटा जायचा आणि माझ्याकडे बघून हात वर करायचा, जणू मी जेलर.

ते वर्ष मला सुखाचं जायला हवं होतं. गेलं नाही. रिकामा नवरा घरात असणं म्हणजे काय ते ज्यांच्या घरात आहे त्यांना माहीत आहे. तो मला कांदा कसा चिरावा ते सांगायला लागला. कचऱ्याचे डबे कौन्सिलची गाडी यायच्या आधी दोनदा बाहेर नेऊन आत आणायला लागला. खिडकीशी उभा राहून वाऱ्याची दिशा सांगायचा, कोणी न विचारता. उन्हाळ्यात जरा हिंडला. पानं गळायला लागली तसा खुर्चीत बसला आणि बोलायचाच थांबला. डुकराची गोष्टसुद्धा सांगेना. मी ते बघत होते. बघून न बघितल्यासारखं करत होते.

आणि नोव्हेंबरात एका दुपारी तो जिना उतरून खाली आला. दाढी केलेली, वर जाडा स्वेटर. माझ्यासमोर उभा राहिला आणि स्वेटर-शर्ट दोन्ही हातांनी गळ्यापर्यंत वर धरले.

"बघ."

"काय बघू?"

"बघ ना."

मग जांभळा सदराही वर केला. आत काही नव्हतं. पांढरे केस आणि बरगड्या. शाळेत जायला लागल्यापासून हा माणूस बनियानशिवाय घराबाहेर पडला नसेल. लग्नातही होती. भर स्वयंपाकघरात तो उभा होता, कोणी येऊन आपल्याला बघेल की काय अशी भीती चेहऱ्यावर. पण उभा होता.

"डॉक्टरीणबाईंना मी विचारून आलोय. फक्त संध्याकाळची वेळ, लांब चालायचं नाही. शेजाऱ्याकडे आता बसायला पाट आहे. तासाभरात परत."

वर्षभर मी गावाला सांगितलं होतं की दोष बनियानीचा. आता बनियान नव्हती. मला म्हणायचं होतं, वय बघा, हार्ट बघा, मला बघा. पण ते मी एकदाही म्हटलं नव्हतं. मी फक्त कपड्याबद्दल बोलत राहिले, आणि कपडा त्याने सुधारला.

"जा," म्हटलं. "मेलात तर मला सांगायला येऊ नका."

"नाही येणार," तो म्हणाला आणि व्हॅनमध्ये जाऊन बसला.

तो तास कसा गेला ते लिहिण्यासारखं नाही. मी भांडी घासली, मग घासलेलीच पुन्हा घासली. अंधार पडला. व्हॅन आली. तो दारात उभा, हातात एक बदक, नाक लाल, आणि बोलत सुटलेला, वारा असा होता, बदकं अशी वळली. मी त्याला गप्प केलं, भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि सदऱ्याच्या आत पाठीवर हात घातला. मानेपासून कमरेपर्यंत. कोरडी. गरम. बाहेरून आलेल्या माणसाची पाठ इतकी गरम असते हे मला माहीत नव्हतं.

"झालं समाधान?" तो भिंतीला म्हणाला.

"गप्प बसा."

"अगं, परवा वारा चांगला आहे. हे तोवर धुऊन वाळेल ना?"

तेव्हा मी जे बोलले ते शेजाऱ्याच्या घरात ऐकू गेलं. भाषा कळत नसूनही त्याने रेडिओ बंद केला म्हणे. मी त्याला त्याच्या आबांपासून सुरुवात करून त्या बदकापर्यंत सगळं ऐकवलं. ही लोकर मशीनमध्ये टाकता येत नाही, गरम पाण्यात घालता येत नाही, पिळता येत नाही, टांगता येत नाही. थंड पाण्यात माझी बोटं आखडतात. टॉवेलवर आडवी पसरून ठेवायची आणि इथल्या दमट हिवाळ्यात ती दोन दिवसांत वाळत नाही. ओली अंगावर घातली की मागच्यासारखं व्हायचं. हे कोणी करायचं?

तो म्हणाला, "मी धुतो."

"तुम्ही हात लावू नका त्याला."

दुसऱ्या दिवशी मी एकटी बसने गावाबाहेरच्या त्या दुकानात गेले. तोच माणूस होता. या वेळी मी विचारलंच नाही काही. सदरा घेतला, विजार घेतली, माप चिठ्ठीवर बघितलं, काउंटरवर ठेवलं. तो म्हणाला, "मॅडम, सरांना घालून बघायला आवडेल का?" मी म्हटलं, "सरांना सगळंच आवडतं." पिशवी घेऊन बाहेर आले तर पाऊस, आणि बस चुकली. थांब्यावर उभी राहून मी स्वतःवर इतकी चिडले की शेजारच्या बाईने विचारलं, बरं वाटतंय ना.

आता दोन झालेत. एक अंगावर, एक टॉवेलवर. म्हणजे त्याला आठवड्यातून दोनदा जायची सोय मी केली, माझ्या हाताने. तो अजून जातो. परत आला की मी आधी भिंतीकडे उभं करते आणि पाठ बघते. ती बघून होईपर्यंत त्याच्याशी बोलत नाही. कोरडी असली तर नंतर बोलतेच, असंही नाही.